मागच्या रांगेतले अकरा

२ मार्च

मुदत तीन महिने, माणसं तीन, कुत्रे अकरा. माणसांमध्ये मी, रोज संध्याकाळी येणारी कॉलेजची एक मुलगी आणि शनिवार-रविवार हजेरी लावणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांना इथे सगळे सरच म्हणतात. काम एवढंच, की आमच्या कुत्र्यांच्या शेल्टरातल्या मागच्या रांगेतल्या मोठ्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना घरं शोधायची.

पिल्लं पुढच्या रांगेत असतात. दारातून आत आलं की आधी तीच दिसतात आणि बहुतेकांची फेरी तिथेच संपते. मागे अजून कुणी आहे का, असं विचारणारा विरळाच. विचारलं तरी मागे आल्यावर भीम जाळीवर दोन पाय टाकून असा काही भुंकतो, की माणूस उलटपावली परत.

मॅनेजर बाईंनी विचारलं, "किती जातील?" मी सहा म्हटलं. कुठून आणला हा आकडा ते विचारू नये.

४ मार्च

कार्डांवरची वयं तपासायला घेतली आणि तिथेच घोडं अडलं. राणीच्या कार्डावर 'वय ८'. खाली कार्ड लिहिल्याची तारीख, तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे राणी तीन वर्षं आठचीच आहे. चिंगी दोन वर्षं सातची. आमच्याकडे आलं की वय थांबतं, ही जाहिरात करायला हरकत नाही.

दुपारी डॉक्टर आल्या. त्यांनी आधी आमचा 'नक्की वय' हा शब्दच काढून टाकायला लावला. कुत्र्याचे पक्के दात ४२. साधारण सातव्या महिन्यापर्यंत ते सगळे आलेले असतात, आणि तोवर दातांवरून वय बऱ्यापैकी सांगता येतं. पुढे मात्र झीज, कीटण, हिरड्या बघून केलेला अंदाज. तोही फसतो. खंड्याला दगड चावायची खोड आहे. सुळे पार घासलेत म्हणून तो दहाचा वाटतो, बाकी अंग बघितलं तर सहाच्या पुढचा नाही.

राणीचे डोळे निळसर, धुरकट दिसतात. कार्डावर 'मोतीबिंदू'. डॉक्टरांनी आत उजेड टाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हा मोतीबिंदू नाही गं. वयाने डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्याची ही झाक. सहा-सात वर्षांनंतर बऱ्याच जणांना येते. दिसतंय तिला." तीन वर्षं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला राणी आंधळी म्हणून दाखवत होतो. तिला कमी येतं ते ऐकायला. ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण हाक मारल्यावर न येणारा कुत्रा इथे हट्टी ठरतो.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे सरांचं पाठ असलेलं गणितही निकालात निघालं. लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजून २०२० साली एक वेगळं सूत्र मांडलं गेलं. त्याप्रमाणे एका वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीला टेकतो, चारचा पन्नाशी ओलांडतो आणि बाराचा सत्तरीत असतो. वय आधी धावतं, मग रेंगाळतं. त्यातही थोराड हाडाचा कुत्रा सातव्या वर्षी म्हातारा होतो, आणि छोट्या चणीचा त्याच वयात ऐन भरात असतो.

आजपासून कार्डावर 'अंदाजे ९ ते ११' असं लिहायचं, आणि शेजारी तपासणीची तारीख.

९ मार्च

सगळ्यांची वजनं, रक्त, लघवी, दात. पूर्ण दिवस गेला. थोडक्यात:

भीम – मागच्या दोन्ही खुब्यांत संधिवात, त्यात वजन जास्त. चिंगी – हृदयाच्या झडपेतून रक्त उलटं येतंय, हृदय थोडं वाढलंय, पण खोकला, धाप काही नाही. दगडू – गोचिडीच्या तापाचा जंतू, २८ दिवस गोळ्या. म्हातारबा – मूत्रपिंडं थकलेली, आणि रात्री जे करतो ते वेगळंच, त्यावर नंतर. काळ्या, खंड्या आणि आणखी चौघं ठणठणीत.

राहिला सोन्या. त्याच्या कार्डावर लाल अक्षरांत 'रागीट. डोक्याला हात लावू नये.' दोन वर्षं कुणी लावलाही नाही. आज डॉक्टरांनी तोंडाला पट्टी बांधून ओठ वर केला तर वासाने आम्ही सगळेच मागे सरलो. दाढा मुळापर्यंत उघड्या, एकीखाली पू. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "ह्याच्या डोक्याला मी हात लावला असता तर मीही चावले असते." पुढच्या आठवड्यात भूल देऊन दाढा काढायच्या.

संध्याकाळी चिंगीची कामगिरी सरांकडे. ती गाढ झोपली की मिनिटाला श्वास किती ते मोजायचं. ३० च्या आत असेल तर ठीक. सतत वर राहू लागला तर थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन. सर तिच्या पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून घड्याळ घेऊन बसले. १८ भरले. सर खूश, जणू वर्गात कुणी पहिलं आलंय.

मॅनेजर बाईंशी मात्र खटका उडाला. हे सगळं कार्डावर लिहिणार, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग नेणार कोण?" त्यांचं अगदीच चूक नाही. आजार वाचून पाठ फिरवणारे आहेतच. पण नेल्यावर कळून परत आणणारेही तेच असतात. कुणाच्या घरात कुत्रा द्यायचा आणि त्याचं दुखणं झाकून ठेवायचं, हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. महिनाभर करून बघा, एवढ्यावर तह झाला.

१५ मार्च

काळ्या परत आला. मंगळवारी गेला, शनिवारी हजर. पहिले पाढे पंचावन्न.

त्या घरात मांजर आहे. कार्डावर 'मांजरांशी जमतं' होतं. मांजर तीन दिवस कपाटावरून खाली उतरलं नाही, आणि काळ्या तीन दिवस कपाटाखालून हलला नाही. कुणाला ओरखडाही नाही, हे नशीब. घरातली मंडळी भली. ओरडली नाहीत, फक्त शांतपणे विचारलं, "हे कुणी बघितलं होतं?"

कुणीच नाही. जुन्या कार्डावरून नव्यावर ते वाक्य मी उतरवलं होतं. शेल्टरातल्या काकांना विचारलं, तर काळ्या इथे आल्यापासून त्याने मांजर बघितल्याचंच कुणाला आठवत नाही. चूक सर्वस्वी माझी, आणि तीही आजारपण लपवू नका म्हणून सहा दिवसांपूर्वी भांडून झाल्यावर.

आता नियम असा: कार्डावरच्या प्रत्येक ओळीसमोर कुणी बघितलं, कुठे, कधी. बघितलं नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहायचं.

१८ मार्च

सोन्याच्या सात दाढा निघाल्या. बाकी ठीक.

२२ मार्च

पिंजऱ्यातला कुत्रा बघून घरातला कुत्रा कळत नाही, हे काळ्याने शिकवलं. मग घरात नेऊनच बघायचं. २०१९ साली छापून आलेला एक अभ्यास वाचला. पाच शेल्टरांतल्या दोनशेहून जास्त कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी ठेवून त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलेलं. घरी असताना ते उतरलं. परत आल्यावर आधी होतं तिथे गेलं, पण त्याच्या वर गेलं नाही. मला धास्ती नेमकी त्याचीच होती: घर दाखवून परत आणलं तर जास्त खचेल का? तसं दिसलं नाही, म्हणजे करायला हरकत नाही.

पहिला नंबर भीमचा, माझ्याच घरी. गळ्यात पट्टा, अंगात हार्नेस, दोन्हींना दोन वेगळ्या दोऱ्या. नवख्या जागी घाबरलेला कुत्रा एका झटक्यात मान सोडवून घेतो आणि पळाला की हाकेला थांबत नाही, कारण आपली हाक त्याच्या ओळखीचीच नसते. फरशीवर सतरंज्या पसरल्या, त्याचे मागचे पाय घसरतात म्हणून. खाणं इथलंच, इथल्याच भांड्यात.

जाळीवर पाय टाकून भुंकणारा भीम घरात शिरला, सगळ्या खोल्या हुंगून आला, सोफ्याच्या मागे आडवा झाला आणि चौदा तास झोपला. मधे एकदा उठून पाणी प्यायला. दाराची बेल वाजली तेव्हा एक डोळा उघडला, बस्स. मी तीनदा जाऊन पोट हलतंय ना ते बघून आले.

शेल्टरात दिवसरात्र भुंकणं चालू असतं. तिथे हा प्राणी शेवटचा नीट कधी झोपला असेल?

२९ मार्च

चार जणांच्या रात्री झाल्या. त्यावरून कार्डं नव्याने लिहायला बसलो. 'बिचारा', 'अभागी', 'शेवटची संधी' हे शब्द बाद. दयेपोटी आलेला माणूस कुत्र्याकडून उपकाराची जाणीव मागतो, आणि कुत्र्याला ती नसते. तो पहिल्या आठवड्यात गालिचा ओला करतो.

भीमचं जुनं कार्ड: 'बिचारा भीम चार वर्षं आपल्या माणसाची वाट बघतोय. त्याला प्रेम द्याल का?'

नवं: 'भीम. अंदाजे ७ ते ९. वजन ३८ किलो, डॉक्टरांच्या मते ३२ हवं. खुब्यांत संधिवात, रोज एक गोळी जेवणाबरोबर. जिने चढत नाही, उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून तळमजला किंवा लिफ्ट हवी. घरात लघवी केली नाही (दोन घरं, तीन रात्री). पिंजऱ्यात भुंकतो, घरात भुंकला नाही. घोरतो. मांजर: माहीत नाही. लहान मुलं: माहीत नाही.'

मुलीने शेवटी एक ओळ जोडली: 'दार उघडं राहिलं तरी बाहेर गेला नाही, आपणच जाऊन दारात बसला.' ही ठेवली, कारण तिने ते बघितलं होतं.

गोळ्यांच्या कार्डावर खाली सगळ्यांसाठी एक सूचना टाकली: माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला द्यायची नाही. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल आपल्या घरात सहज असतात आणि कुत्र्याच्या जिवावर बेततात. संधिवाताचा कुत्रा बघून कुणालाही अर्धी गोळी द्यावीशी वाटते, म्हणून हे मोठ्या अक्षरात.

५ एप्रिल

फोन दोन. एकाला पिल्लू हवं होतं. दुसऱ्याला राखण करणारा.

१२ एप्रिल

एक आजी-आजोबा आले. मुलगा सोबत होता आणि त्याला पिल्लू घ्यायचं होतं, तेही आई-बाबांसाठी. आजी म्हणाल्या, "पिल्लू नको रे. ते वाढेल, धावेल, आम्ही कुठे धावू?" सरळ मागच्या रांगेत येऊन चिंगीसमोर थांबल्या. कार्ड चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग विचारलं, "किती दिवस राहील ही?"

मी अडखळले. डॉक्टर जे म्हणाल्या होत्या तेच सांगितलं. झडपेचा हा आजार बरा होत नाही, पण हृदय वाढलेलं आणि त्रास मात्र अजून सुरू नाही, अशा कुत्र्यांत पिमोबेन्डनच्या गोळीने त्रास सुरू होणं सरासरी पंधरा महिन्यांनी लांबतं, असं २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. गोळी दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी, बारा-बारा तासांनी. चुकवायची नाही.

"सकाळी सात, संध्याकाळी सात," आजोबा म्हणाले. "माझ्याही त्याच वेळेच्या आहेत."

मुलगा तरी कुरकुरत होता. सरांनी त्याला बाजूला घेऊन झोपेतला श्वास मोजायला शिकवलं. त्याला तो उद्योग आवडलेला दिसला. मी त्याला स्वच्छ विचारलं, की आई-बाबांना जमेनासं झालं तर चिंगी कुणाकडे? तो म्हणाला, माझ्याकडे. फॉर्मवर त्याची सही घेतली. म्हाताऱ्या माणसांना कुत्रा द्यायचा नाही, असा नियम काही ठिकाणी असतो. मला तो पटत नाही, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय देणंही पटत नाही.

१४ एप्रिल

आजींचा फोन. चिंगी टेबलाखालून बाहेर येत नाही, काही खात नाही. "आमच्याकडे आवडलं नाही का हो तिला?"

शेल्टरवाल्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा आहे: तीन दिवसांत भेदरणं ओसरतं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. शास्त्र नव्हे, पण माणसांना धीर द्यायला बरा. त्यांना सांगितलं की टेबलाखालीच राहू द्या, हात घालून ओढू नका. आंघोळ नको, पाहुणे नकोत. खाणं आम्ही दिलेलंच ठेवा, बदलायचं असेल तर पुढे सात-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळून. एखादा दिवस नाही खाल्लं तर चालेल, पण गोळी चुकवू नका, आणि उद्याही खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवू. पाणी मात्र मापून ठेवा. चिंगी सात किलोची, दिवसाला ७०० मिलीच्या वर पिऊ लागली तर कळवा. तितकी तहान म्हणजे आत काहीतरी बिघडलेलं असतं.

१५ एप्रिल

चिंगीने रात्री दोन वाजता, सगळे झोपल्यावर, वाटी साफ केली. आजोबा जागे होते. हलले नाहीत म्हणे.

२६ एप्रिल

राणी गेली. नेणाऱ्या बाईंचा आधीचा कुत्राही शेवटी बहिरा झाला होता. हाताच्या खुणा त्यांना आधीच येत होत्या. आमच्या कॉलेजच्या मुलीने राणीला चार शिकवल्या होत्या: ये, बस, थांब आणि शाबास. म्हाताऱ्या कुत्र्याला नवं शिकवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी राणीला बघावं. 'ये' ला तीन दिवस लागले. झोपेतून उठवताना हलवायचं नाही, नाकाशी तळहात धरायचा, वासाने ती आपणच उठते. बाईंनी ते लगेच करून बघितलं. राणीने डोळे उघडले आणि शेपटी आपटली.

आज एका कुटुंबाला नाहीही म्हटलं. त्यांना दगडू हवा होता, घरात रांगतं मूल. दगडू खाण्यावर आणि हाडकावर गुरगुरतो, इथेही आणि दोन्ही घरांतही. शेल्टरात गुरगुरणारे बरेच कुत्रे घरी गेल्यावर तसं करत नाहीत, पण हा करतो, हे दोघांनी बघितलंय. हिसकावून न घेता त्याहून चांगलं काहीतरी समोर धरायचं आणि तो सोडेल ते उचलायचं, हा सराव चालू आहे. मोठ्या माणसांच्या घरात एवढ्यावर निभावेल. रांगणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? ते लोक रागावून गेले. "कुत्रे पडून आहेत आणि तरी देत नाही तुम्ही," असं म्हणाले. रात्रभर डोक्यात राहिलं.

४ मे

म्हातारबाचं. चौदाच्या आसपास असावा. दिवसा झोपतो, रात्री पिंजऱ्यात एकाच बाजूने गोल गोल फिरतो, कोपऱ्यात तोंड घालून अडकतो आणि मागे सरायचं विसरतो. डॉक्टर म्हणाल्या, हा म्हातारपणचा विसराळूपणा, माणसांत असतो तसाच. हा दुर्मिळही नाही. एका जुन्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के, आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक लक्षण सापडलं होतं.

ह्याला दत्तक कोण घेणार, म्हणून वेगळी मांडणी केली: मालकी शेल्टरची, औषधपाणी शेल्टरचं, घर तेवढं दुसऱ्याचं. असेल तेवढे दिवस. सरांच्या ओळखीतले एक गृहस्थ तयार झाले. एकटे राहतात, रात्री झोप लागत नाही. "मीही फिरतच असतो," म्हणाले. त्यांच्या खोलीत रात्रभर छोटा दिवा ठेवला आणि कोपऱ्यांत उशा लावून कोपरे बंद केले.

१० मे

भीम गेला. तळमजला, तीन माणसं, उचलायला पुरेशी. वजन आता ३५.

त्याच दुपारी सोन्याही गेला. दाढा काढून दीड महिना झाला. त्याच्या कार्डावरची लाल ओळ मॅनेजर बाईंनी स्वतः खोडली आणि शेजारी लिहिलं: 'कानामागे खाजवलेलं आवडतं. मी बघितलं.' खाली सही, तारीख. मी काही बोलले नाही.

२३ मे

म्हातारबा गेला. एकोणीस दिवस मिळाले. दोन दिवस पाणीही घेत नव्हता, मूत्रपिंडं संपली होती. डॉक्टरांनी घरीच येऊन इंजेक्शन दिलं, त्या गृहस्थांच्या मांडीवर.

आज संध्याकाळी ते गृहस्थ गादी, भांडी, उरलेली औषधं घेऊन आले. सगळं धुऊन, वाळवून, घड्या घालून. मी पुढचं काही विचारायच्या आत म्हणाले, "इतक्यात फोन करू नका. मीच करीन."

३१ मे

मुदत संपली. चार दत्तक गेले: चिंगी, राणी, भीम, सोन्या. मॅनेजर बाई म्हातारबाला धरून पाच म्हणतात. सहा कुठल्याच हिशेबाने होत नाहीत. आजवर परत आलेला एकटा काळ्या, आणि तो जुन्या कार्डावर गेलेला. पण तीन महिने म्हणजे फार नव्हेत. भीमला तर तीनच आठवडे झालेत.

चिंगीचा श्वास काल रात्री २१. मुलगा रोज सरांना आकडा पाठवतो, सर वहीत लिहून ठेवतात.

मागच्या रांगेत सहा उरले. दगडूच्या गोळ्या संपल्या, तपासणी परत करायची आहे. रिकाम्या पिंजऱ्यांत आज दोन नवे आले, एक जबड्याशी पांढरी, दुसरा लंगडा. त्यांच्या कार्डांवर सध्या फक्त तारीख आणि 'माहीत नाही' आहे, पाच-पाच वेळा.

काळ्या येत्या शनिवारी एका घरी रात्र काढणार आहे. मांजर नाही, दोनदा विचारून घेतलं. पोपट आहे. पोपटाचं काय, ते रविवारी लिहीन.